खेड्यात टिकणारी इलेक्ट्रिक व्हीलचेअर : चार प्रकारांची पारख

कॅटलॉगमध्ये दोन आकडे मोठ्या अक्षरात छापतात : वेग, आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या खेड्यात या दोन आकड्यांवर खुर्ची घेतली, की मिरग लागल्यावर ती ओसरीत उभी राहते. इथे खरा निकाल लावतात पुढच्या चाकाचा आकार, खुर्चीचं वजन आणि बॅटरीची जात. बाजारात मिळणारे प्रकार याच तीन कसोट्यांवर पाहू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे लोखंडी फ्रेमची घडीची खुर्ची. सीटखाली १२ व्होल्टच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. सगळं मिळून वजन चाळीस किलोच्या आसपास. वाटपात आणि देणगीत बहुधा हीच येते. हिचं दुखणं उन्हाळ्यात सुरू होतं. लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य २५ अंशांच्या हिशोबानं धरलेलं असतं आणि त्यावर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या खोलीत तर त्याहून जास्त तापतं. त्यात पावसाळाभर खुर्ची वापरली नाही आणि बॅटरी उतरलेलीच राहिली, की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं. मग चार्जर लावला की हिरवा दिवा पटकन लागतो, पण खुर्ची गल्लीच्या टोकाला जाऊन थांबते. जमेची बाजू एकच, पण मोठी : बॅटरी तालुक्याला मिळते आणि ई-रिक्षाचा मिस्त्री ती बसवून देतो. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या बदलाव्यात. नवी-जुनी जोडली तर जुनी नवीलाही ओढत नेते. मोटरसायकलची बॅटरी बसवू नये, ती क्षणभर स्टार्टर फिरवण्यापुरती असते, तासन्‌तास करंट देण्यासाठी नाही.

अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि लिथियम बॅटरीची घडीची खुर्ची महाग पडते, पण बहुतेक घरांना आम्ही हीच सुचवतो. वजन २२ ते २८ किलो. दोन माणसं उचलून ती काळी-पिवळीच्या मागे टाकू शकतात आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं तर हेच लागतं. बॅटरी काढून घरात आणता येते, खुर्ची ओसरीतच राहिली तरी चालतं. मात्र लिथियम सेल साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायचे असतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी चार्जिंग नको, रात्री उशिरा लावून पहाटे काढावं. २४ व्होल्ट १२ अ‍ॅम्पिअर-तासाच्या बॅटरीला २ अ‍ॅम्पिअरचा चार्जर सहा तास घेतो. तो ओढतो पंख्याएवढी वीज, त्यामुळे गावठाण फीडर गेला तरी घरच्या इन्व्हर्टरवर काम भागतं.

चार्जरची अदलाबदल हा या खुर्च्यांचा सगळ्यात मोठा घात. बाहेरून पिन सारखी दिसते, पण लेड-अ‍ॅसिडचा चार्जर पूर्ण भरल्यावर २७.६ व्होल्टवर बॅटरी धरून ठेवतो, तर सात सेलच्या लिथियम पॅकला २९.४ व्होल्ट लागतात आणि तिथे करंट बंद व्हावा लागतो. चुकीच्या चार्जरनं पॅक अर्धवट भरतो किंवा त्याचं संरक्षक सर्किट बंद पडतं. ई-रिक्षाचा ४८ व्होल्टचा चार्जर तर जवळही आणू नये.

मायलेजचं गणित स्वतः करावं. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ वॅट-तास. सपाट सिमेंट रस्त्यावर मध्यम वजनाच्या माणसाला किलोमीटरमागे १५ ते २० वॅट-तास लागतात, म्हणजे चौदा ते एकोणीस किलोमीटर. गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर त्याचं निम्मं धरा. परतीचं अंतर धरायला विसरू नका. बॅटरी संपली की खुर्ची ढकलावी लागते आणि त्यासाठी दोन्ही मोटरींचे क्लच मोकळे करावे लागतात. क्लच मोकळा असताना मोटरचा ब्रेक लागत नाही, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. उतारावर बसलेल्या माणसासकट क्लच मोकळा करणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

या खुर्चीची उणीव म्हणजे पुढची बारकी चाकं. सात-आठ इंचांचं घट्ट चाक काळ्या मातीत रुततं. माती चाकाला चिकटते, चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यांत दाटते आणि चाक फिरायचं थांबून घासत जातं. मोटर जोर लावते, करंट वाढतो, मोटरींना वीज सोडणारा कंट्रोलर गरम होऊन बंद पडतो. मालकाला वाटतं मोटर जळाली. आधी काडीनं माती काढा, दहा मिनिटं थांबा, मग चालू करून पाहा. पुढची चाकं दहा इंचांची मिळत असतील तर त्यासाठी दोन-तीन हजार जास्त देणं परवडतं. कापूस घरात साठवणाऱ्यांसाठी आणखी एक : कापसाचे धागे पुढच्या चाकाच्या आसावर गुंडाळले जातात आणि बेअरिंग खातात. हंगामात आठवड्याला एकदा ते कापून काढावेत.

मागच्या चाकांना ट्यूब हवी की भरीव टायर? ट्यूबवाला गचके गिळतो, पण बाभळीच्या काट्यापुढे टिकत नाही. वावराकडे जाणं असेल तर ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून घ्यावा किंवा भरीव टायर घ्यावा. भरीव टायर पाठीला त्रास देतो, त्याला तोड म्हणजे जाड, चांगली गादी.

ज्यांचे हात आणि धड मजबूत आहे त्यांनी तिसरा प्रकार जरूर पाहावा : साध्या हातानं चालवायच्या खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीचं निओबोल्ट त्यातलंच, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. हे जोडलं की पुढची बारकी चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि समोर एकच मोठं चाक राहतं. पांदण रस्त्याच्या चाकोऱ्यांत हा फरक लगेच जाणवतो. घरी आलं की यंत्र काढून ठेवायचं, आत साधी खुर्ची. दोष असा की बरंचसं वजन मागच्या चाकांवर असतं. त्यामुळे सुट्या मुरमाच्या चढावर पुढचं चाक जागीच फिरतं. ज्याचा बसल्या बसल्या तोल जातो त्याला हे देऊ नये.

चौथा प्रकार जड, घडी न होणाऱ्या बैठकीचा. मानेजवळच्या मणक्याची दुखापत, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजत जाण्याचा आजार) अशा अवस्थेत स्वतः बूड उचलता येत नाही, म्हणून अख्खी सीट मागे कलणारी खुर्चीच लागते. तिथे तडजोड नको, नाहीतर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखम, होते. पण बॅटऱ्यांसकट तिचं वजन इतकं असतं की ती उचलण्याचा विषयच नाही. त्यात मधल्या चाकांवर चालणारी घेऊ नका. ती घरात जागच्या जागी वळते खरी, पण नालीच्या काठावर पुढची-मागची चाकं टेकून मधलं चाक अधांतरी फिरत राहतं. खेड्यात मागच्या चाकांवर चालणारीच बरी.

बाजाराला, शाळेला, फाट्यापर्यंत जाणं एवढीच गरज असेल तर व्हीलचेअरऐवजी बॅटरीची तीनचाकी पाहावी. अलिम्को या सरकारी कंपनीची तीनचाकी केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मिळू शकते. त्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, मोटरच्या साधनाला अटी अधिक कडक आहेत. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करावी. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, रॅम्पसाठी तिथे लेखी अर्ज द्यावा.

रॅम्पचा हिशोब खुर्ची घेण्याआधीच करा. नियम १ ला १२ चा. दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट लांब रॅम्प लागतो आणि तेवढं अंगण क्वचितच असतं. १ ला ८ केला तर बारा फुटांत बसतो, चढ सात अंशांचा होतो. खुर्चीची चढण्याची क्षमता त्याहून बरीच जास्त हवी आणि मागे उलटू नये म्हणून छोटी आधारचाकं हवीतच. घोटलेल्या गुळगुळीत सिमेंटवर पावसात चाक घसरतं, ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा मारून घ्या. खुर्ची साधारण दोन फूट रुंद असते आणि शासकीय अनुदानातल्या बऱ्याच संडासांचा दरवाजाही तेवढाच. म्हणजे आत जात नाही. टेप घेऊन आधी मोजा.

माणसाचंही माप घ्या. बूड जिथे सर्वात रुंद तिथे मोजून त्यात इंच-दोन इंच मिळवले की सीटची रुंदी. सीटची खोली ठरवताना पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंतच्या मापातून दोन इंच वजा करा. ऐसपैस म्हणून मोठी घेतलेली खुर्ची माणसाला एका बाजूला कलवते.

डिलिव्हरी घेताना नुसता पुठ्ठा फाडून लगेच सही करू नका. माणूस बसवून रॅम्पवर मध्येच जॉयस्टिक (खुर्ची चालवायची दांडी) सोडा, खुर्ची तिथेच थांबली पाहिजे. जॉयस्टिकच्या बुडाशी रबराची टोपी असते, तिला चीर नाही ना ते पाहा. तिथून पाणी शिरलं की खुर्ची मनमानी चालते. जादा टोपी, चार्जर आणि पुढच्या चाकांची जोडी त्याच बिलात मागा. कंट्रोलर बिघडला तर माणूस गावात येणार की खुर्ची नागपूरला न्यावी लागणार, हे पैसे देण्याआधी बिलावरच लिहून घ्या.