द्राक्षबागायतदारांसाठी खिशातला डिजिटल काटा

क्षमता २०० ग्रॅम, अचूकता ०.०१ ग्रॅम. म्हणजे पडद्यावरचा शेवटचा आकडा एकने हलला की १० मिलीग्रॅम. ‘मिली’ आला लॅटिन ‘मिले’, म्हणजे हजार, यावरून. १७९५ साली फ्रान्सने मेट्रिक मापांत तो हजाराव्या भागासाठी घेतला. नाशिकच्या द्राक्षबागेत घड याच हजाराव्या भागावर सुधारतो किंवा बिघडतो. १० पीपीएम (दशलक्षात दहा भाग) जीए, म्हणजे वाढ घडवणारं जिबरेलिक ॲसिड, याचा अर्थ लिटरला १० मिलीग्रॅम, १०० लिटरच्या टाकीला १ ग्रॅम. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा इथे अजिबात चालणार नाही.

काटा सपाट फरशीवर ठेवा, पंखा बंद करा. वाऱ्याच्या झुळकेनेही आकडा नाचतो. कागद ठेवून ‘टेअर’ दाबा, शून्य आल्यावरच पावडर घाला.

मोठा दोष एकच, पण महागात पडणारा: एकक बदलणारं ‘मोड’चं बटण सहज दाबलं जातं. चुकून कॅरेट, म्हणजे हिरे तोलायचं एकक, लागलं तर १.०० म्हणजे फक्त २०० मिलीग्रॅम, आणि टाकीत १० ऐवजी २ पीपीएम! आकड्याशेजारचं एकक दरवेळी बघाच. बॅटरी उतरली की वाचन भरकटतं, तेव्हा १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन जवळ हवंच. ते सोबत देणाऱ्या दुकानातूनच काटा घ्या.