कीबोर्ड खरंच सुरू झाला, आणि तिथेच मी फसले

हे लिहायला मला तीन महिने लागले. घरातही आधी अर्धवटच सांगितलं होतं. पण गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका ताईंचा फोन आला, "अगं, लॅपटॉपचा कीबोर्ड चालेना झालाय. नेटवर हेल्पलाइनचा नंबर मिळालाय, लावू का?" माझ्या पोटात गोळा आला. त्यांना थांबवलं आणि त्याच दिवशी ठरवलं की सगळं लिहून काढायचं.

मी भाषांतराचं काम करते. दिवसभर मराठी टाइप करते, तेही इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या कीबोर्ड मांडणीवर. त्या रात्री एक मोठा मजकूर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत द्यायचा होता. नऊच्या सुमारास अक्षरं गळायला लागली. दहा बटणं दाबावीत तेव्हा एखादं उमटायचं, ते सुद्धा बोट थोडा वेळ तसंच दाबून धरलं तर. बॅकस्पेसचीही तीच गत. मला वाटलं, धूळ गेली असेल. लॅपटॉप उलटा करून हलक्या हाताने झटकला, ब्रशने फटी साफ केल्या, बंद करून पुन्हा चालू केला. काही फरक नाही.

मग कपाटातून जुना यूएसबी कीबोर्ड काढून जोडला. त्यावरही तेच! इथे मी पहिली चूक केली. दोन वेगवेगळे कीबोर्ड एकाच वेळी, एकाच पद्धतीने बिघडत नाहीत. बाहेरचा नीट चालला आणि लॅपटॉपचा चालला नाही, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या कीबोर्डात किंवा तो आतल्या बोर्डाला जोडणाऱ्या चपट्या केबलमध्ये असतो. दोन्ही सारखेच अडत असतील, तर आधी विंडोजच्या सेटिंगकडे बघायला हवं. माझ्या हातात उत्तर होतं. मी मात्र त्याचा अर्थ लावला की लॅपटॉप आतूनच गेला, किंवा व्हायरस शिरला.

मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून 'कस्टमर केअर' शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही. खाली कंपनीचं नाव होतं, चोवीस तास सेवा होती, मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. आवाज शांत, बोलणं अदबीचं. "मॅडम, घाबरू नका, पाच मिनिटांत बघतो." त्याने लक्षणं विचारली. दुसरा कीबोर्डही चालत नाही म्हटल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग हा कीबोर्डचा प्रश्नच नाही, मॅडम." हे वाक्य खरं होतं! म्हणूनच मला वाटलं की माणूस जाणकार आहे. त्याने एक रिमोटचं, म्हणजे लांबून दुसऱ्याचा संगणक चालवायचं ॲप डाउनलोड करायला लावलं. मी माउसने, एकेक बटण दाबून धरत, कसंबसं ते उतरवलं. स्क्रीनवर आलेला नऊ आकडी नंबर त्याला वाचून दाखवला, परवानगीचा चौकोन आला तो मान्य केला. माझा माउस आपोआप हलायला लागला.

पुढचा अर्धा तास मी नीट सांगणार आहे, कारण असं काही तुमच्या स्क्रीनवर दिसलं तर ते ओळखता यायला हवं.

त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे लाल गोल आणि पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी. "हे सगळे हल्ले आहेत, मॅडम. तुमची मशीन किती दिवसांपासून उघडी आहे बघा." माझे हातपाय गार पडले. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, नेट क्षणभर गेलं, एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून परवानगी मिळाली नाही, या सगळ्याची तिथे नोंद होते. अगदी ठणठणीत लॅपटॉपवरही लाल खुणा असतातच. 10016 क्रमांकाची 'डिस्ट्रिब्युटेडकॉम' नावाची नोंद तर कितीतरी संगणकांवर पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे. माझ्याकडेही ती ओळीने होती.

नंतर काळी खिडकी उघडून त्याने 'नेटस्टॅट' लिहिलं. एका रकान्यावर 'फॉरेन ॲड्रेस' असं शीर्षक आलं. "बघा, परदेशातून कुणीतरी जोडलेलं आहे." त्या रकान्याचा परदेशाशी काही संबंध नाही. आपला संगणक ज्या ज्या दुसऱ्या संगणकाशी बोलतो त्याचा पत्ता तिथे दिसतो. ब्राउझरमध्ये दोन पानं उघडी असली तरी ती यादी भरते.

शेवटी त्याने 'ट्री' असं काहीतरी लिहिलं आणि अक्षरांचा धबधबा सुरू झाला. मिनिटभर ओळी वर सरकत राहिल्या. हे 'स्कॅनिंग' आहे म्हणाला. खरं तर ती आज्ञा आपल्याच फोल्डरांची नावं झाडासारखी मांडून दाखवते, तपासत काहीच नाही. यादी थांबली आणि खाली इंग्रजीत 'कीलॉगर सापडला' अशा अर्थाचे शब्द उमटले.

ते शब्द मी डोळ्यांनी बघितले. एक अक्षर, मग दुसरं, मग तिसरं. मध्ये एक अक्षर चुकलं, ते खोडलं गेलं, दुरुस्त झालं, मग पुढची अक्षरं आली. संगणक स्वतःहून निकाल देतो तेव्हा ओळ एकदम येते, तो चुकून खोडत बसत नाही. ती ओळ तो माणूस टाइप करत होता. माझ्या समोर, माझ्या स्क्रीनवर. मला ते दिसलं, आणि घाबरलेल्या मनाने ते बाजूला सारलं.

"कीलॉगर तुमच्या प्रत्येक बटणाची नोंद चोरतोय, म्हणून बटणं उशिरा लागतात. मी काढतो." स्क्रीन दोनेक मिनिटं काळी झाली. परत आली तेव्हा तो म्हणाला, "आता टाइप करून बघा."

कीबोर्ड चालू झाला होता. एकही अक्षर गळत नव्हतं. सकाळचं काम वाचलं या आनंदात मला रडू यायचं बाकी होतं. त्या क्षणी त्याने काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं. त्याने 'तीन वर्षांचं संरक्षण' मागितलं. रक्कम एका नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त होती. फॉर्म त्याने उघडून दिला. कार्डचा नंबर मी भरला, ओटीपी मी टाकला, आणि तो सगळा वेळ माझी स्क्रीन त्याला दिसत होती.

अठरा दिवसांनी कीबोर्ड पुन्हा तसाच झाला.

फरक एवढाच की या वेळी कानाला हेडफोन होता. आधी एक 'टुंग' ऐकू आलं आणि मी मान वर केली. स्क्रीनवर एक छोटा चौकोन होता: फिल्टर कीज चालू करायच्या का? उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की हा चौकोन येतो. 'हो' हे उत्तर आधीच निवडलेलं असतं, त्यामुळे स्पेस किंवा एंटर दाबलं की काम झालं. मी बघेपर्यंत बोटाने स्पेस दाबलाही होता. फिल्टर कीज ही सोय हात थरथरणाऱ्या माणसांसाठी आहे. चुकून लागलेला हलका स्पर्श ती मोजत नाही, बटण ठरावीक वेळ दाबून धरलं तरच अक्षर घेते. सोय चांगलीच आहे. पण ती चालू झाल्याचं कळलं नाही तर कीबोर्ड मेला असंच वाटतं.

आणि माझंच बोट उजव्या शिफ्टवर का रेंगाळतं, तेही तेव्हाच कळलं. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आहेत. अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे पूर्ण स्वर लिहायचे तर डाव्या हाताच्या बटणासोबत शिफ्ट लागतं, आणि ते साहजिकच उजव्या हाताचं. वाक्य 'आणि'ने सुरू करावं की 'असे असले तरी'ने, असा विचार करत मी उजवं शिफ्ट दाबून बसते. इन्स्क्रिप्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

मी पुन्हा उजवं शिफ्ट आठ सेकंद धरलं. कीबोर्ड सुरळीत. त्या काळ्या स्क्रीनमागे त्याने दोन मिनिटांत काय केलं असेल ते समजलं. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, त्यात फिल्टर कीजचं बटण बंद. विंडोज 10 मध्ये हेच 'ईज ऑफ ॲक्सेस'खाली सापडतं. तिथेच शिफ्टचा शॉर्टकट कायमचा बंद करायचीही सोय आहे. त्याने तो शॉर्टकट मुद्दाम तसाच ठेवला की नाही, देव जाणे. मी आता तो बंद केला आहे.

त्याच सेटिंगमध्ये स्टिकी कीज आहेत, म्हणजे शिफ्ट किंवा कंट्रोल धरून न ठेवता बटणं एकामागून एक दाबायची सोय. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की त्यांचा चौकोन येतो. काही लॅपटॉपवर यू, आय, ओ दाबल्यावर 4, 5, 6 उमटतात, ते नम लॉक चालू राहिल्यामुळे. इंग्रजी लिहिताना अचानक देवनागरी येऊ लागली, तर विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलली गेलेली असते. शिफ्ट आणि 2 दाबल्यावर ॲटच्या चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह आलं, तर ब्रिटिश मांडणी निवडली गेली आहे. यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत. शंका उरलीच तर लॅपटॉप सुरू होताना एफ 2 किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे जे असेल ते दाबून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर जा आणि बाणांची बटणं चालतात का बघा. तिथे विंडोज अजून सुरू झालेलं नसतं, त्यामुळे त्याच्या सेटिंगचा परिणामही नसतो. तिथे बटणं नीट चालली तर नवा कीबोर्ड घ्यायची घाई करू नका. पाणी सांडलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मग आधी बंद करा, चार्जर काढा, आणि खात्रीच्या माणसाकडे न्या.

मग मी आवरायला घेतलं. नेट तोडलं. ते रिमोटचं ॲप उघडून बघितलं तर त्यात कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला. म्हणजे अठरा दिवस तो मला न विचारता कधीही आत येऊ शकत होता. ॲप काढून टाकलं. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, या लॅपटॉपवरून नाही. कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून कार्ड बंद केलं. कामाच्या फायली वेगळ्या काढून विंडोज नव्याने टाकून घेतलं. पोलिसांत तक्रार दिली. बँकेचं म्हणणं पडलं की ओटीपी तुम्हीच टाकला, व्यवहार तुम्हीच मंजूर केला. पैसे अजून परत आलेले नाहीत. मी वेळेत कळवलं असतं तर काहीतरी होऊ शकलं असतं. अठरा दिवस मी त्याला मनातल्या मनात धन्यवाद देत होते.

महिनाभराने पुन्हा फोन आला, आवाज दुसरा. "आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, लॅपटॉप चालू करा." मी ठेवून दिला. यातही एक खेळ असतो. बँकेचं पान उघडायला लावतात आणि ब्राउझरमधला आकडा तात्पुरता बदलून जास्त रक्कम आल्यासारखं दाखवतात, मग 'जादा आलेले परत करा' म्हणून गयावया करतात. पान पुन्हा लोड केलं की खरा आकडा दिसतो, पण तेवढा श्वास ते घेऊ देत नाहीत.

त्या ताईंना मी फोनवरच विचारलं, कीबोर्डवर नेमकं काय होतंय? "दाबून धरलं तर उमटतं गं." मी म्हटलं, उजवं शिफ्ट आठ सेकंद धरा. त्यांनी मोठ्याने आकडे मोजले. नंबर कुठे मिळाला ते बघायला मी तोच शोध माझ्या फोनवर घेतला. माझ्या वेळची जाहिरात मी दोनदा कळवली होती. नंबर बदललेला होता, खालचे शब्द तेच होते. तिसऱ्यांदा कळवली आहे.