अंकीवर केमिस्ट्री-बायोकेमची उजळणी, जूनपासूनचा अनुभव

जॅमचा (आयआयटी वगैरेत एमएस्सीला जायची प्रवेशपरीक्षा) बायोटेक पेपर द्यायचाय म्हणून जूनमध्ये अंकी टाकलं, म्हणजे प्रश्न-उत्तराची कार्डं ठराविक दिवसांनी परत परत विचारणारं ॲप, आता डिसेंबर चालू आहे, तर लिहूनच टाकते. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवाल्यांना पैसे मोजावे लागतात. एकदा कार्डं आत आली की नेट लागत नाही, आणि आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसात लाइट गेली की मागोमाग नेटवर्क पण जातं, त्यामुळे हे फारच सोयीचं. वाळपई-पणजी कदंब बसमध्ये खिडकीची सीट मिळाली की दिवसाची उजळणी तिथेच उरकते.

पाठांतराला तोड नाही. २० अमिनो ॲसिडं, त्यांची एकाक्षरी नावं, क्रेब्स सायकलची एन्झाइम्स, कुठल्या व्हिटॅमिनपासून कुठलं कोएन्झाइम, झोपेत विचारा. ग्लायकोलिसिसची (ग्लुकोज फोडून पायरुव्हेट करायचा मार्ग) आकृती टाकून नावं झाकून ठेवायची सोय पण आता आतच आहे. सेटिंगमध्ये एफएसआरएस (कुठलं कार्ड परत कधी दाखवायचं ते ठरवणारी पद्धत) चालू करून घ्या, आणि रोजची नवीन कार्डं २० असतात ती कमी करा, नाहीतर चवथीत माटोळी, पाहुणे, आरत्या यात कार्डांना हात लागत नाही आणि नंतर जो ढीग दिसतो तो बघून ॲपच काढून टाकावंसं वाटतं.

नेटवरून उतरवलेला तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, मात्र, नाव नाही घेत, पण डोकं फिरवतो. एका कार्डावर एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी (पेशीचं इंधन), दुसऱ्यावर ३२, आणि का ते कुठेच नाही! अहो ३८ हा जुना हिशोब, इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ ला २ एटीपी धरून. आता २.५ आणि १.५ धरतात, म्हणून ३० किंवा ३२, त्यातही सायटोसॉलमधल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेरच्या, एनएडीएचचे इलेक्ट्रॉन मॅलेट-ॲस्पार्टेट शटलने मायटोकॉन्ड्रियात गेले तर ३२, ग्लिसरॉल फॉस्फेटवाल्याने गेले तर ३०. मी दोन्ही कार्डं उडवून एकच केलं: १० एनएडीएच कुठून कुठून आले ते सांग. ग्लायकोलिसिस २, पायरुव्हेटचं ॲसिटिल को-ए होताना २, क्रेब्स ६. हे आलं, आणि २ एफएडीएच२ आणि थेट मिळणारे ४ एटीपी धरले, की आकडा आपोआप येतो.

बफरला (पीएच फारसा बदलू न देणारं मिश्रण) तर कार्डं नुसती फसवतात. रक्तातलं बायकार्बोनेट २४, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४०, पीकेए (त्या आम्लाचा ठरलेला आकडा) ६.१, पीएच काढ. ४० ला ०.०३ ने गुणून १.२, २४ भागिले १.२ म्हणजे गुणोत्तर २०, त्याचा लॉग १.३, तो ६.१ मध्ये मिळवला की उत्तर ७.४. पण दोनतीनदा कार्ड आलं की ७.४ आधीच डोळ्यासमोर येतं, हिशोब कोण करतंय! म्हणून आता कार्डावर विचारते की दाब तोच ठेवून बायकार्बोनेट १२ केलं तर पीएच किती उतरेल आणि का (०.३ ने, कारण निम्म्याचा लॉग). बाकी आकडेमोड वहीतच, कारण जॅममध्ये न्यूमरिकलला पर्याय नसतात, आकडा स्वतः टाईप करायचा असतो.

इन्हिबिटरची (एन्झाइमचं काम अडवणारे) कार्डं पण उलटी केली: व्हीमॅक्स (कमाल वेग) तेवढाच, केएम (निम्म्या वेगाला लागणारं सबस्ट्रेट) वाढला, सबस्ट्रेट ओतत गेलं की असर जातो, तर कुठला? कॉम्पिटिटिव्ह. आणि सगळ्यात आवडतं कार्ड सुरेचं, म्हणजे माडाच्या गोड रसाचं. सूर आंबते तेव्हा यीस्ट पायरुव्हेटचं ॲसिटाल्डिहाइड आणि मग इथेनॉल का करतं? एनएडीएचपासून एनएडी प्लस परत मिळवायला, नाहीतर ग्लायकोलिसिस अडतं. मग त्याचं व्हिनेगर होताना हवा का लागते? कारण ॲसिटोबॅक्टर या जिवाणूला इथेनॉलचं ॲसिटिक ॲसिड करायला ऑक्सिजन लागतो. कुठल्याच तयार डेकमध्ये हे मिळणार नाही 😄

ॲपला पाचपैकी साडेचार, तयार डेकला दीड, तो पण आकृत्यांसाठी. पेपर पंधरा दिवसांवर आला असेल तर आता अंकी टाकत बसू नका, जॅमच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत ते घड्याळ लावून सोडवा, एमसीक्यूला चुकलं की मार्क कापतात, न्यूमरिकलला कापत नाहीत, त्यामुळे ते कोरे सोडू नका.