कंगोरेदार काठासाठी जुनं अवजार: ठसा, हँडलचं यंत्र की कात्री?

कापडाच्या काठाला कंगोरे कापायची जुनी हाती अवजारं विकायला दिसली की आपण देखणेपणावर भुलतो. यंत्राचं चाक, कोरीव नाव, काळं रोगण. मी मात्र आधी एकच विचारते: धार गेली तर लावून कोण देणार?

या कसोटीवर ठोकायचा ठसा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. लोखंडी दांडा आणि टोकाला अर्धगोल किंवा दातेरी पातं, बस. १८व्या शतकात युरोपातल्या रेशमी झग्यांच्या झालरी अशा ठशांनी कापत. त्यांचे काठ दुमडून शिवायचे नाहीत, कापलेला कंगोरा तसाच ठेवायचा. रेशमाच्या चार घड्या करून, खाली कागद घालून हातोडीचा एक नेमका घाव घातला की चारही थरांत तोच अर्धगोल उमटतो. कापडाला आधी खळ दिली तर सूत सरकत नाही. पूर्वी खाली शिशाचा ठोकळा ठेवत. घरात लहान मुलं असतील तर तो नकोच, ओंडक्याचं आडवं कापलेलं तोंड छान चालतं. धार धारेच्या दगडावर घरीच लावता येते. मात्र वारभर झालर म्हणजे एकेक घाव जुळवत बसायचं, घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

लांब पट्ट्या कापायच्या असतील तर हँडलचं यंत्र. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, एका हाताने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने कापड सारायचं. सिंगरने १९३०च्या दशकात असं यंत्र काढलं होतं. दातेरी चाक चांगलं असेल तर काम झरझर होतं. ते बोथट झालं असेल तर बदली चाक मिळणं कठीण. म्हणून विकणाऱ्यासमोरच मलमलीचा तुकडा घालून बघा. कापड सुटण्याऐवजी नुसता दातांचा ठसा उमटला, दाबाचा स्क्रू आवळूनही तेच झालं, तर ते शोभेला ठेवायचं.

झिगझॅग कात्री आपल्या ओळखीची; कापडदुकानातले नमुन्याचे तुकडे तिनेच कापलेले असतात. अमेरिकेत लुईझ ऑस्टिन यांनी १८९३मध्ये अशा कात्रीचं पेटंट घेतलं. तिरपा काप सुताला लांब उसवू देत नाही, म्हणून आतल्या शिवणीला ती उत्तम. पण जुनी कात्री एकदा पडली की दात एकमेकांत बसत नाहीत आणि ती कापड चावू लागते. नेहमीच्या धारवाल्याकडे दिलीत तर दातच घासून जातील.

(विदर्भातल्या करवतकाठी साडीवरची करवत मात्र विणलेली असते, या अवजारांशी तिचा संबंध नाही.)

रोज ब्लाउज, फ्रॉक शिवत असाल तर जुन्याचा हट्ट न धरता नवी कात्री घ्या. रेशमी फुलं, झालरी, बाहुल्यांचे कपडे करत असाल तर ठसा घ्या, आणि जमलं तर दोन: एक अर्धगोल, एक दातेरी.