जुन्या मिआटाचं गिअर ऑइल बदललं : दहा महिन्यांचा अनुभव

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की जुनी माझदा घेतली, तर पहिला प्रश्न आला, "स्वराज माझदा? टेम्पो कशाला घेतलास?" टेम्पो नाही. १९९९ ची मिआटा, म्हणजे एमएक्स-५ ची दुसरी पिढी. दोन सीट, उघडं छत, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर, जोर मागच्या चाकांना. मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचे एक लाख सोळा हजार मैल झाले होते. हाताला हलकी, वळणावर खेळकर, पण दुसरा गिअर रुसलेला.

सकाळी गार गाडीत पहिल्यावरून दुसरा टाकायला गेलं की दांडा मध्येच आडून बसायचा. थांबून, मन वळवून घातला तर जायचा. घाई केली तर खर्रर्र. त्या आवाजाने दात आंबतात. गाडी तापल्यावर बरं व्हायचं, पण सिग्नलच्या आधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना पुन्हा तेच. एकाने सांगितलं क्लच गेलाय, दुसऱ्याने सांगितलं गिअरबॉक्सच बदल. पायाचा दाब क्लचपर्यंत पोचवणारे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर दोन्ही तपासले, ठीक होते.

मग गाडीच्या कप्प्यात आधीच्या मालकाची एक पावती सापडली. कुठल्याशा गॅरेजने डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा डबा) आणि गिअरबॉक्स दोन्हींत एकच तेल भरलं होतं: ७५डब्ल्यू-९० (हा जाडीचा आकडा), जीएल-५ (ही गिअर ऑइलची प्रत), आणि वर लिमिटेड स्लिपसाठीचं, म्हणजे एकच चाक नुसतं गरगरू न देणाऱ्या डिफरन्शिअलसाठीचं. गंमत म्हणजे हे नियमाला धरून होतं. मिआटाच्या पुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी जीएल-४ किंवा जीएल-५ दोन्ही चालतील असंच छापलंय. त्यामुळे गॅरेजवाल्याला शिव्या घालायची सोय नाही.

इथे जवळच्या ट्रॉय गावातल्या आमच्या काकांनी डोळे उघडले. त्यांचं आयुष्य गिअरबॉक्सच्या कारखान्यात गेलंय. मी विचारलं, "सगळ्यात निसरडं तेल कोणतं?" तर म्हणाले, "अरे, सिंक्रोला तेल नको असतं. तेल बाजूला व्हायला हवं असतं."

म्हणजे असं. गिअर टाकताना पितळेची सिंक्रो रिंग गिअरच्या उतरत्या कडेवर दाबली जाते आणि घासून त्याचा वेग शाफ्टच्या वेगाशी जुळवते. वेग जुळला की दात आत बसतात. हे घासणं व्हायचं तर मधला तेलाचा थर क्षणात पुसला गेला पाहिजे. तेल फार निसरडं असेल तर रिंग नुसती सरकत राहते. थंडीत फार घट्ट असेल तर थर तुटतच नाही. दोन्हीकडे शेवट एकच, खर्रर्र.

आता जीएल-५. हे मुळात डिफरन्शिअलच्या हायपॉइड गिअरांसाठी. तिथले दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतही जातात, म्हणून तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट घालतात. "जीएल-५ पितळ खातं" हे सगळे छातीठोकपणे सांगतात. जुन्या रसायनांबाबत त्यात तथ्य होतं. आजची बरीच तेलं तांब्याच्या पट्टीची चाचणी, म्हणजे तेल तांबं खातं का ते बघणारी, पास होतात. माझ्या मते खरी अडचण घर्षणाची. त्यात लिमिटेड स्लिपच्या तेलात त्या डिफरन्शिअलच्या आतल्या प्लेटा थरथरू नयेत म्हणून घर्षण आणखी कमी करणारं रसायन असतं. डिफरन्शिअलला ते अमृत, सिंक्रोला नाही.

मी घेतलं रेड लाइनचं एमटी-९०. ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, सिंथेटिक. ९० आकडा बघून आमच्या मित्राने, "इंजिनात ३० आणि इथे ९०? काकवी ओततोस काय?" असं विचारलं. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचं ७५डब्ल्यू-९० गरम झाल्यावर साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. याच कंपनीचं एमटीएल आणखी पातळ आहे आणि थंड प्रदेशातले काही जण दोन्ही मिसळतात. मी पुस्तिकेतल्या जाडीवरच थांबलो.

एक हिशेब आधीच सांगून ठेवतो, कारण मला तो गाडीखाली झोपल्यावर कळला. या पाच गिअरच्या बॉक्सला दोन लिटर तेल लागतं. बाटली एक क्वार्टची, म्हणजे ९४६ मिली. दोन बाटल्यांचे होतात १.८९ लिटर. शंभरेक मिलीसाठी तिसरी बाटली घ्यावीच लागते. तिघींचे साठ डॉलरच्या वर गेले.

काम ऑक्टोबरातल्या एका शनिवारी केलं. गाडी चारही स्टँडवर समतल हवी. नुसतं पुढून उचललं तर पातळी चुकते. आणि तेल काढायचा खालचा प्लग सोडायच्या आधी बाजूचा, भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही आधीच तेल काढून टाकलं असेल, तर गाडी तिथेच. माझा पान्याला पाइप लावून, पाय टेकवून सुटला.

जुनं तेल ट्रेमध्ये पडलं तेव्हा काळपट होतं, पण टॉर्च मारल्यावर आत जरीसारखे सोनेरी कण चमकले. ते पितळ, म्हणजे सिंक्रो रिंगांचंच अंग. प्लगच्या चुंबकावर पोलादाचा करडा गाळ होता, बोटांत चोळला तर पेन्सिलीच्या शिशासारखा मऊ. मोठा तुकडा एकही नव्हता, तेवढाच दिलासा. आणि वास! बायको गॅरेजच्या दारातून म्हणाली, "काळं मीठ सांडलंयस का रे?" गंधकच ते, नाक तिचं बरोबर होतं. तो शर्ट दोनदा धुऊनही बाद झाला.

नवीन तेल हातपंपाने भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरलं. गिअरच्या दांड्याखाली एक छोटी वाटी असते, तिचं तेल वेगळं, ८०-९० मिली. बहुतेक जण ती विसरतात. माझी जवळजवळ कोरडी होती आणि खालचं रबर फाटलेलं. तिसऱ्या बाटलीतलं थोडं तिथे गेलं, रबरही नवीन घातलं. दांड्याचा खडखडाट कमी झाला तो यामुळे, त्याचं श्रेय एमटी-९० ला देणार नाही.

पहिल्या दिवशी फार फरक जाणवला नाही, थोडा हिरमुसलोच. दोनेकशे मैलांनंतर गार गाडीतला दुसरा गिअर आडायचा थांबला. तापलेल्या गाडीत तिसऱ्यावरून दुसरा आता दोन बोटांनी जातो. लोणी वगैरे म्हणणार नाही. शर्टाचं टिचबटण बसावं तसा नेमका बसतो. जानेवारीत, रस्त्यावर मीठ नसलेल्या कोरड्या दिवशी, उणे दहाला गाडी काढली तेव्हा मात्र पहिली पाच-सात मिनिटं दुसऱ्याने पुन्हा नखरे केले. खर्रर्र नाही, पण जडपणा होता. तेव्हा मी न्यूट्रलमध्ये एकदा क्लच सोडून पुन्हा दाबतो, मग तो येतो. उन्हाळ्यात इथल्या हाइन्स ड्राइव्ह रस्त्यावर छत उघडून दीड-दोन तास फिरलो, एकदाही तक्रार नाही.

जे नाही झालं तेही लिहितो. पाचव्या गिअरमधली घरघर होती तशीच आहे. बेअरिंग झिजलंय, ते बाटलीने भरून येत नाही. भरपूर आरपीएमला घाईत दुसरा टाकला तर अजूनही हलकी कुरकुर ऐकू येते, झिजलेली रिंग झिजलेलीच. डिफरन्शिअलमध्ये मी जीएल-५ च ठेवलंय. तिथे जीएल-४ घालायचा शहाणपणा कुणी करू नये, दात झिजून जातील.

पुढच्या महिन्यात तेल पुन्हा काढणार आहे. घाई नाही, पण नवीन तेलात ते सोनेरी कण किती येतात ते बघायचंय. तिसरी बाटली पाऊण शिल्लक आहे, म्हणजे या वेळी दोनच मागवायच्या.