फ्लटर की फिब्रिलेशन? ‘अब्लेशन’ला हो म्हणण्याआधी

आमच्या घरात दोघांना डॉक्टरांनी ‘अब्लेशन करून घ्या’ असं सांगितलं. आधी आईला, दोन वर्षांनी काकांना. अब्लेशन म्हणजे शिरेतून हृदयात नळी नेऊन ठोके बिघडवणारी जागा डागून किंवा गोठवून निकामी करणं. शब्द एकच, त्यामुळे वहिनीचं एका दिवसात मिटलं तसं आपलंही मिटेल असं काका धरून चालले होते. पण दोघांचे आजार वेगळे होते. तुमच्याकडे ‘गोळ्या की अब्लेशन’ असा खल चालू असेल, तर आधी एवढं विचारून घ्या: ठोके नेमके कशामुळे धावतायत?

आईला एट्रियल फ्लटर होता. खुर्चीत बसलेली असताना नाडी 150, आणि तासाभराने पाहिली तरी 150च. ईसीजीच्या पट्टीवर करवतीचे दाते ओळीने मांडावेत तशा लाटा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात विजेची एक लाट ट्रायकस्पिड झडपेभोवती गोल फिरत राहते, मिनिटाला साधारण 300 फेऱ्या. खालचे कप्पे त्यातली एकाआड एक फेरी घेतात, म्हणून नाडी 150. पण या लाटेला प्रत्येक फेरीत एका चिंचोळ्या वाटेतून जावंच लागतं. शरीराच्या खालच्या भागातून रक्त आणणारी मोठी नीला आणि ती झडप, यांच्यामधली ही जेमतेम काही सेंटिमीटरची पट्टी. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन तिथे या कडेपासून त्या कडेपर्यंत डाग देत रेघ ओढली, की फेरी तुटते. काम तिथे संपत नाही. रेघेच्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने पेसिंग करून, म्हणजे विजेचे हलके धक्के देऊन, लाट पलीकडे जात नाही ना, हे तपासलं जातं. ही तपासणी नीट झाली असेल तर दहातल्या नऊहून अधिक जणांना हा फ्लटर पुन्हा होत नाही.

गोळ्यांचं म्हणाल, तर फ्लटरचा वेग त्यांनी आवरणं फार जिकिरीचं असतं. आईचा बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ करणारी गोळी, दुप्पट केला, तिला चक्कर यायला लागली, नाडी मात्र हलली नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: या नेहमीच्या प्रकारचा फ्लटर असेल तर गोळ्यांवर वर्षं घालवू नका, अब्लेशनचा विचार सुरुवातीलाच करा. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेलं असेल तर गोष्ट बदलते. तिथे लाट जुन्या व्रणाभोवतीही फिरू शकते आणि वाट शोधायला थ्रीडी मॅपिंग, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटांचा नकाशा, लागतं.

काकांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ. नाडीवर बोट ठेवलं तर ताल सापडत नाही. दोन ठोके घाईत, मग एक उशिरा. इथे एकच एक वर्तुळ नसतं. 1998 साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या मिशेल आइसागेर आणि सहकाऱ्यांनी 45 रुग्णांत एएफ पेटवणाऱ्या 69 जागा शोधल्या. त्यातल्या 94 टक्के फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या नीलांच्या आत होत्या. म्हणून एएफच्या अब्लेशनमध्ये दोन कप्प्यांमधला पडदा टोचून डावीकडे जातात आणि या नीलांच्या तोंडाभोवती कडं घालून त्यांना विजेच्या दृष्टीने तोडतात. उष्णतेने करा किंवा गोठवणाऱ्या फुग्याने, यशात मोठा फरक नाही. कड्यात कुठे फट राहिली, की एएफ परततो.

एका अभ्यासात 303 रुग्णांपैकी निम्म्यांना थेट अब्लेशन दिलं, निम्म्यांना गोळ्या. वर्षभरात अनियमित ठोके परतले ते अब्लेशन गटात सुमारे 43 टक्क्यांत, गोळ्यांच्या गटात 68 टक्क्यांत. यात अर्ध्या मिनिटाचा झटकाही मोजला होता, त्यामुळे 43चा आकडा दिसतो तितका वाईट नाही. पण कॅबाना या 2,200 रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात मृत्यू आणि पक्षाघातासारख्या गोष्टींत दोन गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही. जगणं मात्र अब्लेशनवाल्यांचं जास्त सुसह्य झालं. काकांना मी हेच सांगितलं: धडधड आणि दम यांनी हैराण असाल तर करा, आयुष्य वाढेल म्हणून करू नका. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं असेल, तर मात्र जीव वाचवण्याच्या बाजूनेही पुरावा आहे.

धोकाही दोन्हीकडे सारखा नाही. फ्लटरचं काम उजवीकडे, तुलनेने सोपं. एएफमध्ये हृदयाभोवती रक्त साचणं किंवा पक्षाघात यांची शक्यता थोडी पण खरी असते. आणखी एक क्वचित होणारी, पण जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे कप्पा आणि अन्ननलिका यांच्यात छिद्र पडणं. अब्लेशननंतर दोन-चार आठवड्यांनी ताप आला, गिळताना दुखलं किंवा हात-पाय लुळा वाटला, तर गल्लीतल्या दवाखान्यात थांबू नका. जिथे अब्लेशन झालं तिथे फोन करा. आधी छातीचा सीटी, एंडोस्कोपी नको. गोळ्याही निर्धोक नाहीत: ठोक्यांचा ताल राखायला दिलं जाणारं अमिओडॅरोन थायरॉइड आणि फुप्फुसांना त्रास देऊ शकतं.

रक्त पातळ ठेवणारी गोळी अब्लेशन झालं म्हणून बंद होत नाही. ती वय, बीपी, मधुमेह यांच्या हिशेबावर चालते. काकांना हे पचायला वेळ लागला. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेले एएफचे रुग्ण आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्यासाठी आधी झडपेचा विचार, आणि गोळी वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉमच, नव्या गोळ्या नाहीत.

काकांनी शेवटी, एएफला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी आधी आवरायला, सहा महिने मागून घेतले. वजन उतरवतायत, संध्याकाळचा पेग सोडला, घोरण्याची तपासणी केली. तारीख त्यानंतर घ्यायचं ठरलंय.

धडधड चालू असतानाचा ईसीजी मिळाला तर त्याचा लगेच फोटो काढा. तो कागद काही महिन्यांत फिका पडतो. आईच्या पट्टीवरचे दाते आता दिसतही नाहीत, फोटोत मात्र अजून मोजता येतात.