‘बोर्ड उडाला’ सांगून साडेचार हजार रुपये नेले

आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, शेतातच आहे. फाटक घरापासून लांब असल्यामुळे तेथे इंटरकॉम बसवला होता. पावसाळ्यानंतर त्यात घरघर सुरू झाली आणि फाटकावरचा माणूस काय बोलतो ते बाबांना कळेनासे झाले. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाला आम्ही स्पष्ट सांगितले होते, की विहिरीवरची मोटर चालू असली तरच ही घरघर येते. त्यावर त्याने मीटर बाहेरही न काढता “भाऊ, याचा बोर्डच उडाला, आता हे बनत नाही” असा निकाल दिला.

फाटकावरचा संच तो घेऊन गेला. ‘नवीन’ संच आणि ‘पूर्ण तांब्याची’ तार यांचे मिळून त्याने साडेचार हजार रुपये घेतले आणि चिठ्ठीवर फक्त आकडा लिहून दिला. रात्री शेतीची लाइन येताच मोटर सुरू झाली आणि तीच घरघर परत आली.

आमच्या भाच्याने संच उघडून मागचा अनुक्रमांक पाहिला, तर तो आमच्याच जुन्या वॉरंटी कार्डावरचा निघाला. दर्शनी झाकण तेवढे बदललेले होते. तार ब्लेडने खरवडली, तेव्हा वरचा तांबूस थर जाऊन आत पांढरे ॲल्युमिनियम दिसले. (कथिल चढवलेली तांब्याची तार बाहेरून पांढरी आणि आत तांबडी असते, त्यामुळे खरवडून आतच पाहावे.) अशा तारेचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. एवढ्या अंतरात तिने आवाज बिघडेलच असे नाही, परंतु पैसे तांब्याचे घेतले होते.

खरे कारण जमिनीत होते. इंटरकॉमची तार आणि मोटरची केबल एकाच पाइपातून गेली होती. मोटरच्या प्रवाहाची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी बदलते. शेजारच्या बारीक तारेत त्याचा प्रभाव उतरतो आणि तो घरघरीच्या रूपाने ऐकू येतो. ही तपासणी फुकटात होते: फाटकावरचा संच काढून हातभर तारेने आतल्या संचाला जोडावा आणि मोटर चालू करून ऐकावे. आवाज स्वच्छ आला, तर बोर्ड ठीक असून दोष तारेच्या मार्गात आहे. तरीही घरघर राहिली, तर आधी त्याच व्होल्टेजचा दुसरा ॲडॅप्टर लावून पाहावा. आवाज नुसताच दबका येत असेल, तर मायक्रोफोनच्या छिद्रात धूळ किंवा मुंग्यांनी आणलेली माती साचलेली असू शकते. आम्ही पिळाच्या जोडीची (दोन तारा एकमेकींभोवती पिळलेली) तांब्याची तार वेगळ्या पाइपातून, मोटरच्या केबलपासून दूर नेली आणि घरघर थांबली.

काढलेला सुटा भाग कोणालाही नेऊ देऊ नये आणि नव्या संचाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. आमच्याकडे जुने कार्ड नसते, तर हातात पुरावाच उरला नसता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. तेथे निकाल लागला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. त्या माणसाने अजून पैसे परत केलेले नाहीत, आणि शेजारच्या गावातील एका घरीही त्याने ‘बोर्ड उडाला’ हेच सांगितल्याचे आम्हाला कळले आहे.